डाव्या हाताने उपासना

माझी धाकटी बहीण आणि मेहुणे मूकबधिर लोकांमध्ये मिशनचं काम करतात. शिंप्याच्या दुकानावरची भाड्याची खोली, बावीस प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर लाकडी क्रूस. तिथे मेहुणे खुणांच्या भाषेत उपदेश करतात. दोघांनाही चांगलं ऐकू येतं. ही भाषा त्यांनी लग्नानंतर तीन वर्षं राबून शिकली. बँकेतली नोकरी सोडून मेहुणे पाळक झाले, तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला होता. बहीण म्हणाली, "देवाचं पाचारण झालंय, दादा." मी लग्न-मरणापुरता चर्चमध्ये जाणारा माणूस, मला काय कळणार?

वर्षापूर्वी मेहुण्यांना पक्षाघात झाला. उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं. दुसरा झटका आला तर वाचणार नाहीत, हे डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. तरी दोन महिन्यांत स्वारी पुन्हा त्या खोलीत उभी! सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, म्हणतात ते उगाच नाही.

माझं गॅरेज आहे. गाडी बंद पडली की ओढून आणायची, एवढं मला जमतं. परवाच्या रविवारी या दोघांनाही तसंच ओढून आणायला गाडी घेऊन गेलो. माझ्या घराजवळ मोठं हॉस्पिटल आहे, घरातली खालची खोली दोघांसाठी रंगवून ठेवली होती, बहिणीला तसं फोनवर सांगितलंही होतं. उपासना संपली की दोघांना घरी न्यायचंच, असं ठरवून जिना चढलो.

मेहुणे खुर्चीच्या पाठीला टेकून एकेक खूण करत होते. निम्म्या खुणांना दोन हात लागतात. डावा आपलं काम करी, उजवा नुसता लोंबकळे. एका वाक्याला दोन मिनिटं लागत होती. बघून मलाच घाम फुटला.

"तू का नाही सांगत त्यांच्याऐवजी?" मी बहिणीच्या कानाशी पुटपुटलो. इथे पुटपुटायची गरज नाही, हे नंतर लक्षात आलं.

"सांगत होते. हे परत आल्यावर इथल्या मंडळीने मला खाली बसवलं. पाळकांनाच सांगू दे, म्हणाले. घाई त्यांना नाही, दादा. तुलाच आहे."

"अगं, मरतील ते इथे!"

"माहीत आहे. न्हाणीघरात नळ सोडून रडते मी. देवाशी भांडतेसुद्धा. पण तुझ्या खोलीत निजून हे रोज एकच विचारतील, रविवार कधी?"

पालथ्या घड्यावर पाणी! मला भारी राग आला.

तेवढ्यात सगळे प्रार्थनेला उभे राहिले. माझ्या पुढे एक लोहार होता, मनगटं खांबासारखी. त्याचा उजवा हात मांडीशी सरळ होता. त्याच्या बायकोचाही. मी मान वळवून बघितलं. खोलीभर धडधाकट माणसं एकट्या डाव्या हाताने, मेहुण्यांइतक्याच सावकाश, प्रार्थना करत होती.

"हे कुणी शिकवलं?"

"कुणीच नाही. हे परतले त्या दिवशी लोहाराने सुरू केलं. आता आमची प्रार्थना अशीच."

मेहुणे अर्ध्या तोंडाने हसत होते. या माणसाला मी बारा वर्षं खुळा म्हणत आलो, याची मला मनापासून लाज वाटली.

मी उजवा हात खिशात कोंबला आणि लोहाराचं बघून डावा हलवू लागलो.

बहिणीने भीत भीत विचारलं, "सामान बांधू का, दादा?"

"ते राहू दे," मी म्हणालो. "ही खूण दाखव आधी. माझी चुकतेय."