काळजाची वैरण

कशेळ्याच्या बाजारात एसटी थांब्याजवळ एक औषधवाला काळजाचं रंगीत चित्र टांगून बसायचा. चित्रावर काडी आपटत ओरडायचा, "याच्या कणाकणात भट्टी हाय. ती विझली की काळीज दमतं. डाक्टरच्या गोळ्या म्हंजे दमल्या बैलाला चाबूक. माजी बाटली म्हंजे वैरण!" मग बाटली कपाळाला लावून गिऱ्हाइकाला द्यायचा, जणू तीर्थच.

आत नुसतं गुळाचं पाणी. मी चाखलं होतं. भट्टीचं त्याने कुठल्याशा पुस्तकातून उचललं असेल, आणि तेवढं खरंही असेल. पण माझ्या हृदयविकारी वडिलांचा जन्म बैलांमागे गेलेला. त्यांना चाबूक आणि वैरण लगेच पटलं. त्यांनी गोळ्या सोडल्या आणि दोन महिन्यांत गेले.

वर्षभराने हा महात्मा मला कर्जतच्या दवाखान्यात, गोळ्यांच्या रांगेत दिसला. पाय सुजलेले, धाप लागलेली.

"काय हो, आता चाबूक चालतो?" मी विचारलं.

मान वर न करता तो म्हणाला, "वैरण खायाला बैल आदी उभा ऱ्हायला पायजे ना, भाऊ."

एवढं एक वाक्य तो बाजारात कधी बोलला नव्हता.