रॉकेल नको, बाबा

संपानंतर गिरणीने बाबांना परत घेतलं नाही. काही वर्षं त्यांनी वॉचमनची नोकरी केली, मग गुडघे दुखायला लागले म्हणून तीही सुटली. नायगावच्या आमच्या खोलीत ते दिवसभर खिडकीशी बसून असायचे. मी तोवर भोईवाड्यातल्या एका क्लासमध्ये मराठी टायपिंग शिकले होते आणि जुना कॉम्प्युटर घेऊन घरीच लग्नपत्रिकांचा मजकूर टाइप करून द्यायचे. कॉम्प्युटरला जागा मिळाली ती आईच्या स्टोव्हशेजारी. बांगडे तळले की त्यांचा वास आणि तेल दोन्ही कीबोर्डवर.

एका सकाळी ‘र’चं बटण रुतून बसलं. पत्रिका अर्धवट होती, आणि ‘र’ नाही तर ‘वर’ कुठून आणायचा?

बाबा उठून जवळ आले. ‘‘ह्येका रॉकेल लाव गो. आमच्या साच्यांचो मळ रॉकेलानच सुटायचो.’’

‘‘नको बाबा. अक्षरं पुसली जातील, प्लॅस्टिकही बिघडेल.’’

‘‘मगे साबणान धुवूया?’’

‘‘फक्त बटणं. खालच्या पट्टीला पाणी लागता कामा नये.’’

कॉम्प्युटर बंद करून मी कीबोर्डची वायर काढली. बाबांनी जुन्या कॅलेंडरच्या मागे चौकोन आखून कुठलं बटण कुठे ते उतरवून घेतलं. मग चमच्याच्या दांड्याने आम्ही एकेक बटण हलकेच उचकटलं. स्पेसच्या लांब बटणाखाली तार होती, ते तसंच ठेवलं. कीबोर्ड उपडा करून थोपटला तर पोह्यांचा चुरा, केस आणि तीळ पडले. खालची धूळ मी कोरड्या ब्रशने काढली. बाबा कोमट पाण्याची परात मांडीशी घेऊन, चिमूटभर साबण घालून, जुन्या टूथब्रशने बटणं घासत होते.

घासता घासता ते बोलायला लागले. धागा तुटला की साचा, म्हणजे कापडाचा माग, कसा थांबवायचा, त्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही म्हणून हाताने कशा खुणा करायच्या. गिरणीबद्दल इतकं ते आमच्यासमोर कधीच बोलले नव्हते. आई पोळी लाटायची थांबून ऐकत होती.

बटणं पंच्यावर सावलीत पसरली. मला घाई होती, पण ओलं बसवलं तर आत पाणी जाईल म्हणून दुसऱ्या दिवसापर्यंत थांबलो. बाबांनीच कागद बघून ती बसवली, प्रत्येकाचा ‘टक’ ऐकू येईपर्यंत दाबून. वायर जोडून बघितलं तर ‘र’ उमटला.

‘‘माका पण जरा शिकव,’’ ते म्हणाले. एका बोटाने त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं, आडनावात चुकले, पुसून पुन्हा लिहिलं.

क्लासच्या बाईंना मी हे सहज सांगितलं. त्यांचे बरेच कीबोर्ड अडकत होते. ते साफ करायला त्यांनी बाबांना शनिवारी बोलावलं.

त्या शनिवारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून दारात चपला शोधत होते. आईने विचारलं, ‘‘खंय चाललास?’’

‘‘कामाक,’’ बाबा म्हणाले.