एका आईचे दोघे

"आधी तू सांग, मी तुला कोण वाटतो?"

न्यूझीलंडात, ऑकलंडच्या पापाटोएटो भागातल्या आमच्या दवाखान्यात मी रिसेप्शनला बसते. तिथे पेशंटचा फॉर्म अधूनमधून नव्याने भरून घ्यावा लागे. वंशाच्या चौकटींपाशी आले की आमचे एक म्हातारे पेशंट, मी त्यांना काका म्हणायची, पेन खाली ठेवत, काउंटरवर कोपर टेकवत आणि मला हा प्रश्न विचारत. चौकटी ढीगभर, हव्या तितक्यांवर खूण करायची मुभा.

"तुम्हाला वाटेल ते लिहा, काका."

"मला वाटेल ते? हे नवीनच," म्हणत ते हसत आणि जागा कोरी सोडत. बोलणं अर्थात इंग्रजीत. मला मात्र ते मराठीतच आठवतं.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. नाकाडोळ्यांनी थेट आपल्याकडची, तोंड उघडलं की पक्की किवी, न्यूझीलंडचीच. काकांचे वडील नवसारीकडून येऊन ऑकलंडच्या दक्षिणेला भाजी पिकवत. आई इथलीच, गोरी. काका वडिलांवर गेले होते, धाकटा भाऊ आईवर. सरकारी कागदांत तेव्हा दोघांच्याही नावापुढे 'अर्धा' असं लिहीत.

"कागदावर आम्ही सारखे होतो," काका म्हणत. "गावात नव्हतो."

ऐंशीच्या घरात आले तरी ते स्वतःचे केस स्वतःच कापत. मागची बाजू नेहमी वाकडी. एकदा न राहवून मी नर्सकडची कात्री आणली आणि ती सरळ करून दिली. तेव्हा मान खाली घालून ते बोलले. दहा वर्षांचे असताना दोघे भाऊ न्हाव्याकडे गेले होते. धाकट्याला खुर्चीत बसवलं, यांना सांगितलं, बाहेर थांब. काचेतून ते भावाचे केस पडताना बघत राहिले.

"त्यानं एकदाही वळून पाहिलं नाही."

मोठा झाल्यावर धाकटा दक्षिण बेटावर निघून गेला. तिथे त्याने आपलं घराणं इटालियन असल्याचं सांगितलं, नाव बदललं, लग्न केलं. पुढे वडील वारले. ती बातमी द्यायला काका बोटीने, मग बसने त्याच्या दारात पोहोचले. हातात वडिलांनी लावलेल्या शेवटच्या फ्लॉवरचं खोकं. आतून त्याच्या बायकोने विचारलं, "कोण आहे?"

धाकट्याने काकांकडे नीट पाहिलं आणि आत वळून म्हणाला, "भाजीवाला."

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"खोकं दिलं. गुड डे सर म्हटलं. बाबा गेल्याचं सांगायचं राहूनच गेलं." मग म्हणाले, "अजूनही दारावरची बेल वाजली की वाटतं, तोच आलाय. विचारायला, की काय सांगायचं होतं?"

गेल्या वर्षी बेल वाजली, आणि दारात त्याची नात होती. धाकटा केव्हाच वारला होता. पोरीने हौसेने डीएनए तपासून घेतलं आणि माग काढत इथवर आली. मग तीच काकांना दवाखान्यात आणू लागली. निळे डोळे, कपाळावर टिकली, नवरात्रीला गरबा शिकायचा उत्साह. स्वतःच्या फॉर्मवर तिने 'युरोपियन'शेजारी 'इंडियन'वरही झटकन खूण केली. काकांनी आधी तिच्या हाताकडे पाहिलं, मग दाराकडे. कुणी बघितलं तर नाही ना, असं.

"माझे आजोबा तुम्हाला नंतर कधी भेटलेच नाहीत?" तिने विचारलं.

माझी टायपिंग करणारी बोटं थांबली.

"भेटला ना. त्याच्या घरी गेलो होतो मी. खोकं माझ्या हातून घेतलं, आत बसवलं, चहा पाजला."

"काय बोललात?"

"बाबांबद्दल." काकांनी माझ्याकडे बघितलं नाही.

या हिवाळ्यात काका गेले. अंत्यविधीला तिने ती भेट सगळ्यांना सांगितली, चहासकट. शवपेटीपाशी तिने एक फ्रेम ठेवली होती. दोन्ही घरांतले दोन जुने फोटो कॉम्प्युटरवर जोडून एक केलेला. दोघे तरुण, खांद्याला खांदा लावून उभे. काकांच्या चेहऱ्यावर ऊन डावीकडून पडलं होतं, धाकट्याच्या उजवीकडून.

"छान दिसतात ना दोघं?" तिने विचारलं.

"हो," मी म्हणाले.