लिगायाची पट्टी

क्रिसान्तोची लाल गिटार बावीस वर्षं माझ्या हाताखालून गेली. फिलिपिन्समधल्या ओलोंगापोच्या मासळीबाजारामागे माझं वाद्यदुरुस्तीचं दुकान आहे. वयाने मोठा म्हणून मी त्याला कुया म्हणतो. त्या गिटारीत मूळचं लाकूड तेवढं उरलं होतं. बाकी सगळं मी बदललेलं, आणि तेही त्याच्या बायकोच्या गळ्यासाठी.

लिगाया त्याच्याच बँडमध्ये गायची. पंचेचाळिशीनंतर तिचा आवाज वर चढेना. तेव्हा क्रिसान्तो गिटार घेऊन आला आणि म्हणाला, "एलमो, अर्धा सूर खाली आण. बाईला पत्ता लागता कामा नये."

तारा उतरवल्या तर त्या सैल पडून भणभणायला लागल्या. मग जाड तारा घातल्या. त्या बसेनात, म्हणून मानेच्या टोकाला हाडाची चीप असते तिच्या खाचा कानशीने रुंद केल्या. आवाज घोगरा झाला, तेव्हा तारांखालची चुंबकं बदलली. पंधरा वर्षांत असं तीनदा झालं. कीबोर्डवाल्याचं बरं, त्याचं एक बटण दाबून भागायचं. लिगाया साठीतही मिरवायची, "तिशीतल्याच पट्टीत गाते मी." आम्ही सगळे लबाड माना डोलवायचो.

गेल्या वर्षी ती एकटीच दुकानात आली. स्टुलावर बसली आणि हसत म्हणाली, "शेजाऱ्यांच्या कराओकेवर माझंच गाणं लावलं. दुसऱ्या ओळीला गळा फाटला. मशीनला बायको नसते ना, ते कशाला खोटं बोलेल? किती सूर खाली आणलंत रे मला?"

"दीड," मी खाली मान घालून म्हणालो.

"त्याला कळू देऊ नकोस. इतकी वर्षं जपतोय बिचारा, हिरमुसेल. मी आहे तोवर तरी नको."

मी शब्द दिला.

मार्चमध्ये न्यूमोनियाने ती गेली. नवव्या दिवसाची प्रार्थना आटोपल्यावर क्रिसान्तो गिटार घेऊन दारात उभा राहिला.

"पहिल्यासारखी करून दे. बारीक तारा, नवी चीप, मूळची पट्टी. जन्मभर फसवलं मी तिला. चाळिसाव्या दिवशी तिचं गाणं खऱ्या सुरात वाजवून माफी मागतो. मग जाऊ दे तिला."

आमच्यात गेलेलं माणूस चाळिसाव्या दिवसापर्यंत घरातच असतं. त्याचं ताट वाढतात, त्याच्याशी बोलतात. म्हणजे लिगाया अजून होती, आणि ती आहे तोवर बोलायचं नाही असं मी कबूल केलं होतं. ओठावर आलेलं गिळलं आणि हाड घासत बसलो. इतकं सफाईदार काम मी आयुष्यात केलं नाही, आणि कुठल्याच कामाचा इतका राग आला नाही.

चाळिसाव्या दिवशी जपमाळेची प्रार्थना झाली. तळलेला मासा आणि भात वाढलेलं तिचं ताट फोटोपुढे होतं. क्रिसान्तोने गिटार मांडीवर घेतली. सूर उंच आणि लख्ख लागले. तो स्वतः कधीच गात नसे. तिच्या ओळींसाठी जागा सोडत, थांबत थांबत त्याने गाणं शेवटपर्यंत वाजवलं. त्या जागा रिकाम्याच गेल्या. शेजारणी डोळे पुसत होत्या.

पानसितच्या शेवया खाऊन माणसं पांगली. ताट उचललं गेलं. "गेली," क्रिसान्तो म्हणाला. त्याचा चेहरा हलका दिसत होता. तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं, त्याला बरं वाटेल.

त्याने फोटोपुढच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

"म्हणजे तिला माहीत होतं."

"हो, कुया."

"आणि आत्तापर्यंत ती इथेच होती."

"हो."

त्याने तारांवर तळवा ठेवला. "मग आज मी या उंच पट्टीत वाजवत राहिलो, आणि तिला गाता आलं नाही."

रुंद खाचांची जुनी चीप माझ्या खिशात होती. ती बाहेर काढायचा मला धीर झाला नाही.