बोट आठ दिवस पुढं गेली

बहिणींनो,

माझी लेक शकू आज लोणावळ्याहून निघून जावयाकडं एडनला जायची होती. मुहूर्त कालचा चांगला, म्हणून तिची कपड्यांची पेटी कालच शेजारच्या पारूमावशीकडं पस्तान म्हणून, म्हंजे मुहूर्तावर घर सोडल्याची खूण म्हणून, ठेवली. आज सकाळी तार आली, बोट आठ दिवस पुढं गेली.

बोटवाल्यांना लाखोली वाहत मी पेटी आणायला गेले. मावशी दारातच आडवी. "पस्तान ठेवल्यावर माघारी न्हाई नेत. इसरलीस व्हय?"

आता शकू माझं जुनं लुगडं नेसून चुलीपुढं जेवायला बसलीय. म्हणते, "आई, तुला लय घाई झालती मला घालवायची."

"व्हय, झालती," म्हटलं आणि तिच्यापुढं आणखी एक भाकरी सरकवली.

बोट अजून लांबावी म्हणून कुठल्या देवाला नवस बोलायचा, ठाऊक असंल तर उलट टपाली कळवा. जावयाला मात्र सांगू नका.