स्क्रीनवरची बोटं

कारखान्यात गेली की दिपमाला आधी मालकाच्या केबिनमध्ये बसत नाही. सरळ यंत्राकडे जाते आणि स्क्रीनवर बोटांचे डाग आहेत का ते बघते. जळगावच्या चटईच्या कारखान्यांपासून धुळ्याच्या डाळ मिलपर्यंत तिची हीच रीत. कोणता कारखाना नवं तंत्रज्ञान पेलेल, हे ठरवणं तिचं काम. तिने होकार दिला, की पुढच्या यंत्राला सरकारी मदत मिळते. मळकी स्क्रीन दिसली की ती खूश होते. घरी देवपूरला मात्र फ्रिजच्या दारावर डाग दिसला, की सासूबाई तिलाच सुनावतात.

या खेपेला प्रेमराजमामांची मिल आली. सासूबाईंचे, म्हणजे ताईबाईंचे, सख्खे भाऊ. तिने साहेबांना नातं सांगून पाहिलं. ते म्हणाले, "धुळ्यात तुमच्या नात्याबाहेरची मिल राहिली आहे का? जा तुम्हीच. शेरा मी तपासून घेईन."

निघताना ताईबाईंनी अडवलं. "तो मना भाऊ शे, ध्यान ठेव. त्याना घर लगीन शे. मांडवमा माले मान खाले घालाले लावू नको."

काळपट दाणा ओळखून हवेच्या झोताने बाजूला उडवणारं मामांचं यंत्र वाळलेल्या झेंडूच्या माळेखाली चादर पांघरून उभं होतं. मामांनी स्वतः चादर काढली. स्क्रीन आरशासारखी लख्ख.

"दसऱ्याला आणलं. अजून एक ओरखडा नाही," मामा म्हणाले.

"चालवतं कोण?"

"आपला पोरगा, ललित. पासवर्ड त्याच्याकडेच असतो. पुण्याहून आला की चालवतो."

पलीकडे बायका सुपात डाळ निवडत होत्या. त्यांच्यातल्या कोकिळाबाईंना दिपमालाने विचारलं, "तुम्ही चालवून पाहिलं का?"

"हात लावानी बंदी शे, ताई. दसराले कुंकू लाई दिधं, तेवढंच."

दिपमाला मामांकडे वळली. "मामा, मिल तयार नाही. आत्ता माझा नकार आहे."

"इतकं मशीन जपलं, ते चुकलं? ताईला सांगू का हे?"

"तुम्ही कशाला, मीच सांगते. पासवर्ड कोकिळाबाईंना द्या. अडलं तर त्या ललितला फोन करतील. स्क्रीन मळली की मला बोलवा."

घरी ताईबाईंनी तिचं ताट नुसतं आदळलं. लग्नात मामांनी तिला पाहून न पाहिल्यासारखं केलं. दिपमाला मामींशेजारी पंगतीला बसली, दोनदा वांग्याची भाजी मागून घेतली.

हळद उतरली आणि मामांचा फोन आला. "ये एकदा."

ती गेली तेव्हा यंत्र धडधडत होतं. चादर घडी होऊन कोकिळाबाईंच्या स्टुलावर बसायला आली होती.

"पहिल्या दिवशी हिने चांगली डाळच बाहेर उडवली," मामा कुरकुरले. "ललित फोनवरून ओरडत होता. आता ही मलाच हात लावू देत नाही."

"तुम्ही उगाच बटणं दाबतात, भाऊ," कोकिळाबाई मान न वळवता म्हणाल्या.

स्क्रीनवर डाळीच्या पिवळ्या भुकटीची बोटं उमटली होती. मामा खिशातून रुमाल काढू लागले.

"राहू द्या, मामा," दिपमाला म्हणाली. "साहेबांना दाखवायला फोटो काढते."

संध्याकाळी होकाराचं कळलं तेव्हा ताईबाई फ्रिज पुसत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "व्हयीच. भाऊ कोना शे."