थंड गच्ची

बेसा या उपनगरातल्या एका नव्या इमारतीला हरित प्रमाणपत्र द्यायचं की नाही, हे तपासायला मी मे महिन्यात गेले होते. गच्चीवर कुंड्यांना पाणी घालणारी एक बाई भेटली. कुही गावाकडची, चाळिशीची. ऊन परतवणाऱ्या पांढऱ्या फरशीचं तापमान मी मोजत होते. तिनं चप्पल काढली, तळवा फरशीवर टेकवला आणि तशीच उभी राहिली.

“आता पाय पोळत नाही,” ती म्हणाली. “पोराचे बाबा इथंच स्लॅब टाकून राहिले होते. असंच ऊन होतं. चक्कर येऊन पडले, ते उठलेच नाही.”

भर दुपारी मजुरांना उन्हात राबवू नये, हा नियम मी या कामाच्या परीक्षेसाठी पाठ केला होता. तिच्याकडे बघवेना, म्हणून मी मोजमापं लिहीत राहिले.

“तरी इथंच काम करता?” मी विचारलं.

“दुसरीकडं करमत नाही, मॅडम.”

मी जिन्याकडे वळले, तेव्हा तिनं विचारलं, “बिल्डिंग पास होते ना?”

“होईल.”

“बरं झालं,” ती म्हणाली. “स्लॅब त्याईनंच टाकला होता.”